पत्ता : खांब नंबर एकोणीस

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आई, खोबऱ्याच्या वड्यांचा डबा पोचला. निम्म्या वड्या वर्गात गेल्या, रागावू नकोस.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "फुटपाथवाल्यांना घरं दिली तरी विकून परत तिथंच येतात." मी बसमध्ये होते, शिवाय भांडण झालं असतं, म्हणून गप्प बसले. आता लिहिते.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला चिमी म्हणू. जूनमध्ये तिची आई नाव घालायला आली. पत्त्याच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाली, "पुलाखाली, खांब नंबर एकोणीस." खांबांवर रंगानं आकडे टाकलेले असतात ना, तो. जन्मदाखला नव्हता. पण त्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे, म्हणून काम झालं. दप्तर, गणवेश, बूट पालिकेच्या शाळेत फुकट. दुपारी खिचडी. कागदोपत्री सगळं झालं की!

मग ऑगस्टमध्ये एका पहाटे पालिकेची गाडी आली आणि पुलाखालचं सामान उचलून घेऊन गेली. ताडपत्री, टोप, गोधड्या, त्यातच चिमीचं दप्तर. आठ दिवस पोर शाळेत नाही. शोधत गेले तर बिऱ्हाड दोन स्टेशनं पलीकडे. आई सिग्नलवर गजरे विकते, फुलं आणायला अंधारात दादर गाठते, तोवर धाकट्याला चिमी बघते. यांना उद्या लांब मानखुर्दला खोली मिळाली तरी फुलबाजार दादरलाच राहणार, बाबा. परत येतात ते पोटासाठी.

हे न्यायालयानंही ओळखलंय. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सांगितलं, की पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. त्याच निकालानं नोटीस देऊन हटवायला मुभाही दिली. लोकांना पहिला भाग पाठ, गाडीवाल्यांना दुसरा! पुढे २०१० मध्ये त्याच न्यायालयाचा आदेश निघाला : शहरात लाख लोकांमागे एक, बेघरांसाठी चोवीस तास उघडा निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशे निवारे लागतात. त्याच्या निम्मेही नाहीत. आहेत त्यांत बाप एकीकडे, आई-पोरं दुसरीकडे, असं व्हायला नको म्हणून माणसं पुलाखालीच राहतात. मीही राहिले असते.

जमलेलं काम बघायचं तर भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांचं. १९८० च्या दशकात त्यांनी 'महिला मिलन' उभं केलं. रुपया-दोन रुपये साठवले, आपली गणती केली, घर कसं हवं ते स्वतः ठरवलं. त्यांतल्या काहींना पक्की घरं मिळालीही, पण त्याला वीसेक वर्षं लागली. चिमी तोवर तीस वर्षांची होईल.

आणि बाबा, तुम्हीसुद्धा लालबागला फुटपाथवर झोपलायत. गाळ्याच्या एका खोलीत तीस गडी, पाय पसरायला जागा नाही, म्हणून मिलसमोर पथारी. हे तुम्हीच दर गणपतीत हसत सांगता. पण तुमची ट्रंक गाळ्यात होती. आजोबांचं कार्ड त्या पत्त्यावर यायचं. तुमचं नाव मिलच्या मस्टरवर होतं. ८२ च्या संपात नोकरी गेली, तरी परत जायला गाव होतं, आई होती. चिमीच्या आईकडे यातलं एकही नाही.

चिमी परत यायला लागलीय. नवं दप्तर दिलंय, पण संध्याकाळी ते शाळेतच ठेवून जाते. तिच्यासारखी वर्गात आणखी तीन निघाली. कपाटाला कडी नाही, उंदीर वह्या कुरतडतात.

माळ्यावरची ती ट्रंक अजून आहे ना, बाबा? कुलूप लागतं का बघून ठेवा. दिवाळीला येईन तेव्हा घेऊन जाईन. आई, त्यातल्या तुझ्या जुन्या साड्या काढू नकोस, त्याही लागतील.

तुमची,
सुमा