प्लास्टिकच्या हाडाला सूज येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवासी डॉक्टरांच्या अस्थिभंग कार्यशाळेची बातमी कालच्या अंकात चार कॉलमी छायाचित्रासह वाचली. छायाचित्रात दीपप्रज्वलन करणारे नऊ मान्यवर स्वच्छ ओळखू येतात. ज्यांच्यासाठी कार्यशाळा भरवली ते निवासी डॉक्टर मात्र समईच्या मागे अर्धे कापले गेले आहेत. प्लास्टिकच्या हाडांवर ड्रिल चालवून प्लेट आणि स्क्रू बसवण्याचा सराव दोन दिवस झाला, हे उत्तमच. अस्थिरोग कक्षात मी २८ वर्षे परिचारिका होते. मांडीचे हाड मोडलेली माणसे पायाला विटांचे वजन बांधून आठवडेच्या आठवडे खाटेवर पडलेली मी पाहिली आहेत आणि पुढे आत सळई घातल्यावर तशीच माणसे चार दिवसांत वॉकर धरून चालतानाही पाहिली आहेत, तेव्हा शस्त्रक्रियेचे मोल मला कोणी सांगायला नको. मात्र संपूर्ण बातमीत ‘प्लास्टर’ हा शब्द एकदाच आला आहे, आणि तोही प्लास्टरचे दिवस आता संपले, अशा अर्थाच्या एका मान्यवरांच्या वाक्यात. हे पत्र त्या वाक्यासाठी आहे.

गेल्या श्रावणात अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवर माझा पाय सरकला आणि मी डाव्या हातावर पडले. मनगटाची ठेवण पाहताच काय मोडले ते कळले. जिल्ह्यातल्याच एका रुग्णालयात गेले; नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडे गेले असते तरी फारसे वेगळे घडले नसते. अपघात विभागात पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर होता. मुलगा सालस. त्याने मला ‘मावशी’ म्हटले आणि रुग्णालयात मावशी कोणाला म्हणतात हे पक्के ठाऊक असूनही मला राग आला नाही. मोडीच्या जागी भुलीचे इंजेक्शन देऊन त्याने हाड ओढून बसवले, तेही छान बसवले. त्यानंतर त्याने जे प्लास्टर घातले, त्याबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

ताज्या मोडीला पहिल्याच दिवशी सगळीकडून बंद असे गोल प्लास्टर घालण्याऐवजी स्लॅब, म्हणजे एका बाजूने उघडे अर्धे प्लास्टर, बांधावा, कारण पुढचे दोन दिवस सूज वाढणारच असते. ओले प्लास्टर तळव्यांनी दाबून आकारात आणावे. बोटांच्या टोकांनी धरले तर पडलेले खळगे आतून रुततात. शिवाय प्लास्टर तळहातावरच्या घडीच्या अलीकडे थांबवावे, म्हणजे रुग्णाला मूठ वळता येते. त्या मुलाकडून या तिन्ही गोष्टी राहिल्या. मी हळूच विचारले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, “प्लास्टर मामाच घालतात, मामा आज रजेवर आहेत.” मामा म्हणजे रुग्णालयातले मदतनीस.

रात्री अकराच्या सुमारास बोटे फुगून काळीनिळी दिसू लागली. फोन केला, तर हात उंच ठेवून गोळी घेण्यास सांगण्यात आले. सुनेने माझे मधले बोट नुसते सरळ करून पाहिले, तर कोपरापर्यंत कळ गेली. गोळीने न थांबणारी कळ आली तर सकाळची वाट पाहू नका, असे मी आयुष्यभर नातेवाइकांना दरडावून सांगितले आहे. स्वतःच्या वेळी मात्र त्या पोराला कशाला उठवायचे, म्हणून पहाटे पाचपर्यंत कुढत बसले. माझा शहाणपणाही एवढाच! रुग्णालयात गेल्यावर त्याने प्लास्टर एका बाजूने चिरले, पण आतला कापूस तसाच राहू दिला, त्यामुळे आराम पडेना. तेवढ्यात सातच्या पाळीला थोडे लवकरच आलेले मामा डोकावले. त्यांनी एक शब्द न बोलता कात्री घेतली, कापूस आणि पट्टी मनगटापासून कोपरापर्यंत कातडी दिसेतो कापली आणि दोन्ही अंगठ्यांनी प्लास्टरच्या कडा फाकवल्या. दोन-तीन मिनिटांत बोटांत ऊब आली. डॉक्टर शेजारी उभा राहून पाहत होता. तीन वर्षांच्या एम. एस. मधला प्लास्टरचा धडा त्याला असा मिळाला, आणि तो देणाऱ्याला शिकवण्याचा पगार मिळत नाही.

आवळ पट्टीने स्नायूंचा रक्तपुरवठा तुटून हात कायमचा आखडतो, हे जर्मन शल्यचिकित्सक व्होल्कमन यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवले आहे. झाडावरून किंवा भिंतीवरून पडून कोपराच्या वर हाड मोडलेल्या लहान मुलांमध्ये ही भीती सर्वांत जास्त असते, आणि त्यांना कळ नेमकी कुठे आहे हे सांगताही येत नाही. प्लास्टिकच्या हाडाला सूज येत नाही, ते रात्री रडत नाही, म्हणून कार्यशाळेत हे शिकवता येत नाही. ते रात्री दोन वाजता युनिटमधल्या वरिष्ठाने खाटेपाशी उभे राहून, बोटे कशी पाहायची ते दाखवूनच शिकवावे लागते, आणि वरिष्ठ त्या वेळी फोनवर असतात. त्या मुलाला मी दोष देत नाही. तो आदल्या सकाळपासून ड्यूटीवर होता. निवासी डॉक्टरांचे सलग काम एरवी १२ तासांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्राच्या १९९२ च्या योजनेत म्हटले आहे. ती योजना बहुधा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर गेली असावी. आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणेही या डॉक्टरांना सक्तीचे झाले आहे. तिथे त्यांना कोणी शिकवणार, की जादा हात म्हणून नुसते राबवून घेणार, हे कार्यशाळेच्या व्यासपीठावरून कोणी सांगितल्याचे बातमीत तरी दिसले नाही.

बातमीच्या शेवटी, लोक अजूनही अज्ञानापोटी तालमीतल्या वस्तादाकडे हाड बसवायला जातात, अशी खंत आहे. कामट्या करकचून बांधल्याने काळे पडलेले हात मी कक्षात धुतले आहेत, त्यामुळे वस्तादांची भलामण करणार नाही. पण वस्ताद दुसऱ्या दिवशी सकाळी “हात दाखव” म्हणतो. मला सात दिवसांनी यायला सांगितले होते.

माझी करंगळी अजून पूर्ण मिटत नाही. भाकरी थापता येते, पिळे पिळता येत नाहीत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
विश्रामबाग, सांगली

ता. क. : बातमीसोबत ‘मोडलेले मनगट’ म्हणून बाण दाखवून छापलेला एक्स-रे लहान मुलाचा आहे, आणि बाण ज्या फटीवर आहे ती मोड नसून हाडाच्या वाढीची जागा आहे. ते मनगट ठणठणीत आहे. कृपया त्याला प्लास्टर घालू नये.