हात मागे बांधून

नागपूर,
रविवार दुपार

प्रिय मित्रा,

तुझे तीन मिस्ड कॉल पडलेत. उचलले नाहीत, कारण फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं. आपल्या सायकलवाल्या काकांची तब्येत विचारत होतास ना? कंपवात आहे, पार्किन्सन्स. निदान होऊन दीड वर्ष झालं आणि आम्हाला कळलं ते यंदाच्या दिवाळीनंतर. तू बंगळुरूला, तुला निदान निमित्त आहे. मी धरमपेठेत, दोन गल्ल्या सोडून राहतो आणि वर्षभर त्यांची पायरी चढलो नव्हतो.

उजवा हात थरथरतो, ते लगेच दिसतं. पण खरी अडचण पायांची. बैठकीतून अंगणात यायला निघाले की उंबरठ्यापाशी पाऊल फरशीला चिकटल्यासारखं थांबतं. धड पुढे झुकलेलं, पाय मात्र जागेवर. काकूंनी फरशीवर पांढऱ्या चिकटपट्ट्यांच्या रेघा मारल्यात. रेघ ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतं, हे त्यांना फिजिओथेरपीवाल्या ताईंनी शिकवलं. एका वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चारही बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करणारा माणूस रेघेकडे बघून एकेक पाऊल टाकतो. मी तेव्हा उगाच मोबाइल काढून बघत बसलो.

आपल्या सायकलच्या ग्रुपमध्ये बातमी गेली आणि सगळ्यांना सत्काराचा झटका आला. हॉल, शाल-श्रीफळ, मानपत्र. एकाने तर फ्लेक्सचं डिझाइनही टाकलं, त्यात काकांचा फोटो ढगांत! म्हटलं, अरे गाढवांनो, जिवंत आहेत ते. काकूंनी एका वाक्यात विषय संपवला, "हार घ्यायला हात पुढे केला की तो थरथरेल, ते पाचशे लोकांना दाखवायचं आहे का?"

मग मला आपली पहिली दोनशेची बीआरएम आठवली. देवलापारच्या पुढचा तो ढाबा, तिथला कंट्रोल, म्हणजे वाटेतला तपासणीचा थांबा. कार्डावर शिक्का मारून घेतला आणि बाहेर येऊन बघतो तर तुझं मागचं चाक बसलेलं. काका तिथेच व्हॉलंटिअर होते. हात मागे बांधून उभे राहिले आणि नुसते बोलत राहिले. "आधी टायरमध्ये बोट फिरव, काटा आतच असेल. ट्यूबमध्ये थोडी हवा भर, मग बसव. व्हॉल्व्ह सरळ आहे का बघ." आपल्याला वाटलं, नियमच असेल, स्वतःचं स्वतः करायचं. कंट्रोलवर मदत घेतलेली चालते, हे आपल्याला सहा महिन्यांनी कळलं! तू त्यांना घातलेल्या शिव्या मला अजून पाठ आहेत. पण साडेतेरा तासांची मुदत संपायला बारा मिनिटं उरली असताना आपण पोचलो होतो, आणि त्यानंतर पंक्चरसाठी तू कोणाकडे गेलेला मला तरी आठवत नाही.

२०१७ मध्ये आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत एकट्याने, 12 दिवसांच्या मुदतीच्या आत पूर्ण केली, तेव्हा गावात महागड्या सायकलींची लाट आली होती, आठवतं? त्या पोरांनाही काकांनी आधी पंक्चर काढायला घमेलं, पाणी आणि कानसच दिली होती.

तर सत्कार बारगळला. त्याऐवजी पुण्याच्या एका ओळखीच्याकडून टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल, मागवली, ट्रॅव्हल्सच्या टपावरून आली. डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, चालताना पाय अडकणारे काही पेशंट सायकल मात्र बिनधास्त चालवतात, पॅडल पायाला ताल देतं. पण एकटे नको, पडले तर महागात पडेल. मागच्या सीटवर बसवा, गोळी घेतल्यावर पाऊण तासाने न्या.

आज सकाळी साडेसहाला त्यांच्या दारात चाळीसेक सायकली. थंडी अशी की बोटं ब्रेकवर वळत नव्हती. काका रेघा मोजत उंबरठ्यापर्यंत आले, थांबले, पुन्हा निघाले. कोणी धरायला धावलं नाही, तसं आधीच ठरलं होतं. दोघांनी टँडम धरली, मी पुढे, ते मागे. पहिल्या दहा-पंधरा पॅडलांना माझंच काळीज लटपटत होतं. लॉ कॉलेज चौकापर्यंत मागून नुसता श्वास ऐकू येत होता. रविनगरला चेन एकदम हलकी झाली. मला वाटलं निसटली. मग कळलं, म्हातारा जोर लावतोय! माझे पाय नुसते सोबत फिरत होते.

"काहून ब्रेक दाबून राहिला बे?" मागून आवाज आला. "उतार आहे, सोड."

फुटाळ्यापर्यंत चारेक किलोमीटर. मागे चाळीस जण, पण एकाने ओव्हरटेक केलं नाही की घंटी वाजवली नाही. तलावाच्या कट्ट्यावर बसल्यावर पोरांनी एक स्टीलचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. प्रत्येकाने आपलं पहिलं पदक त्यात टाकलेलं. काका एकेक उलटून बघत होते. "हे चारशेचं कोणाचं? हा तर रात्री रडला होता." ज्याचं होतं तो मागच्या मागे सटकला. थरथरत्या हातात पदकं एकमेकांवर वाजत होती, आणि काकांनी तो हात लपवला नाही.

भाषण कोणी केलं नाही. कस्तुरचंद पार्कला जाऊन तर्री पोहे हाणले. काकूंनी पथ्य सांगितलं होतं, पण तर्री काकांनी दोनदा मागून घेतली, हे इथेच राहू दे.

घरी आल्यावर मला मागच्या शेडमध्ये नेलं. तुझी सायकल तिथेच टांगलेली आहे रे. भंगारवाला दोनदा विचारून गेला, दिली नाही. मागचं चाक फिरवलं, चांगलंच आउट आहे, फिरताना डुलतं. नववीतली एक मुलगी हल्ली त्यांच्याकडे शिकते, तिच्या हातात तारेचा पाना दिला. स्वतः खुर्चीवर बसले आणि डोळे मिटले. ती एकेक तार बोटाने छेडायची, हे आवाजावरून सांगायचे, "ही ढिली आहे. पाव फेरा. अगं पाव म्हटलं, अर्धा नाही." पंधरा मिनिटांत चाक ब्रेकपॅडला न घासता फिरायला लागलं. तिने वर बघितलं, तर ते म्हणाले, "उलट्या बाजूने फिरवून बघ."

पुढच्या रविवारी टँडम परत पाठवायची आहे. शनिवारी रात्री पोच. पुढे तू बस, मी मागून माझ्या सायकलवर येतो.

तुझाच

ता. क. तुझ्या सायकलची ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटली आहे. तिकडून आणू नकोस, सीताबर्डीत मिळेल. आणि बसवायची तुलाच आहे, काकांनी बजावून सांगितलंय.