रिपब्लिकन म्हणजे कोणत्या सालचे?

महोदय,

अमेरिकी निवडणुकांचा विषय निघाला की 'गुलामी रिपब्लिकनांनी मोडली, वर्णभेद डेमोक्रॅटांनी पोसला' असे कोणीतरी म्हणतेच. त्यावर 'पुढे १९६४ मध्ये पक्षांच्या भूमिकांची अदलाबदल झाली' असे एका ओळीचे उत्तर येते. मुलांनी हीच दोन वाक्ये पाठ करावीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, त्यांच्यापैकी अनेकांचा पक्ष तेव्हा रिपब्लिकनच होता. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, बसलेले पहिले कृष्णवर्णीय हायरम रेव्हल्स याच पक्षाचे. पण १८७७ मध्ये अध्यक्षपद पदरात पडताच दक्षिणेतले केंद्रीय फौजांचे संरक्षण काढून घेतले गेले आणि तिथल्या कृष्णवर्णीयांना या पक्षाने वाऱ्यावर सोडले. माझ्या मते बदलाची सुरुवात तिथे आहे. १९३६ पर्यंत उत्तरेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार मंदीतल्या मदतीमुळे डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे वळले होते, आणि त्याच डेमोक्रॅटिक पक्षात दक्षिणेचे कट्टर वर्णभेदी सिनेटरही होते! याच पक्षाचे अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद बंद करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनाचे डेमोक्रॅट गव्हर्नर स्ट्रॉम थरमंड वर्णभेदाच्या बाजूने स्वतंत्र पक्ष काढून अध्यक्षपदाला उभे राहिले आणि त्यांनी चार राज्ये जिंकली.

आता वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सिनेटमधील मतदान पाहा. विरोधात २७ मते, त्यांत डेमोक्रॅट २१. एवढेच सांगून लोक थांबतात. पण गुलामीवरून झालेल्या यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या ११ राज्यांच्या २२ सिनेटरांपैकी बाजूने मत दिले फक्त एकाने, टेक्ससच्या डेमोक्रॅट यारबरो यांनी. तिथला एकमेव रिपब्लिकनही विरोधातच होता. उरलेल्या राज्यांत मात्र विरोधक जेमतेम सहा. त्या सहांत ॲरिझोनाचे गोल्डवॉटर होते आणि त्यांनाच रिपब्लिकनांनी अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. ते हरले, पण मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मते पडली. थरमंड त्याच सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन झाले होते.

तरीही दक्षिण एका रात्रीत फिरली नाही. १९७६ मध्ये जॉर्जियाचे डेमोक्रॅट कार्टर यांनी ती जवळजवळ सगळी जिंकली. दक्षिणेतून प्रतिनिधीगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, रिपब्लिकन बहुसंख्येने निवडून आले ते थेट १९९४ च्या निवडणुकीत.

आपल्या पत्रात अमेरिकेच्या निवडणुकांवर लेख येतात, तेव्हा पक्षाच्या नावाशेजारी साल आणि राज्यही द्यावे, ही विनंती.

— एक वाचक, सातारा