कॉटेजचं कौतुक झालं, आता पांदणीचं बोलू

संपादक साहेब,

नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या खेड्यात कॉटेज भाड्याने घेऊन राहण्यावर लेख होता, फोटो मस्त होते, पण लिहिणाऱ्यानं सगळं घराच्या आतलंच लिहिलं, दाराबाहेरच्या वाटांचं राहूनच गेलं, आणि त्यावरून मला आपल्या पांदणी, म्हणजे वावरात जायच्या गावच्या वाटा, आठवल्या, म्हणून हे पत्र.

आम्ही गेल्या मे महिन्यात गेलो होतो. पोरगी मँचेस्टरला असते, तिनं पीक डिस्ट्रिक्ट नावाच्या डोंगराळ भागात कॅसलटनजवळ एका खेड्यात दगडी घर आठवड्यासाठी घेतलं, शनिवार ते शनिवार. भाडं ऐकून मी म्हटलं एवढ्यात आपलं केरळ होऊन जाते नं, पण ती ऐकते कुठं. आणि ते काही हॉटेल नाही बरं का, चार वाजेपर्यंत आत घेत नाहीत, चावी नंबरवाल्या डबीत, माणूस कोणी नाही, ओट्यावर दूध-चहा-बिस्किटं ठेवलेली, बाकी स्वयंपाक, भांडी, कचरा वेगवेगळा करणं सगळं आपणच. दाराची चौकट इतकी ठेंगणी की आमच्या ह्यांनी दोनदा कपाळ आपटून घेतलं. मी पोह्याला फोडणी घातली तर धुराचा भोंगा वाजला आणि आम्ही तिघं टॉवेल हलवत उभे! इथं नागपूरला 45 डिग्री आणि तिथं आम्ही स्वेटर घालून.

आता मुद्द्याचं. घराच्या मागच्या भिंतीला लागून एक लाकडी खांब होता, त्यावर पिवळा बाण. जावई म्हणाले हा पब्लिक फुटपाथ, चला. मला फुटपाथ म्हणजे सीताबर्डीचा माहीत, ज्यावर चालायला जागा नसते. हा तर सरळ एका शेतकऱ्याच्या वावरातून गेलेला, मेंढ्या चरून राहिल्या, आणि दगडी भिंत आडवी आली की तिच्यातच पायऱ्या काढलेल्या. मी तर घाबरूनच चालत होते की आता कोणी ओरडते, पण शेतकरी ट्रॅक्टरवरून हात हलवून गेला. निळा बाण असला की घोडा, सायकलही चालते. दुकानात नकाशे मिळतात, 4 सेंटीमीटरला 1 किलोमीटर, त्यात अशी प्रत्येक वाट हिरव्या तुटक रेघेनं दाखवली आहे.

जावयांनी सांगितलं की अधिकृत नकाशा तिथल्या कौन्सिलकडे असतो आणि त्यात वाट आहे म्हणजे आहे, जमिनीचा मालक कोणी का असेना. नांगरणीत मोडली तरी पेरणीच्या वेळी 14 दिवसांत परत करून द्यावी लागते. आणि हे काही त्यांना फुकट मिळालं नाही. आमच्या खिडकीतून उत्तरेला जी डोंगराची रांग दिसत होती तिच्याच पलीकडे किंडर स्काउट नावाचा डोंगर, तिथं 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टरकडची कामगार पोरं शेकड्यांनी मुद्दाम घुसली कारण जमीनदारांनी शिकारीसाठी डोंगर बंद ठेवलेला, त्यातल्या पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढे 1949 ला वाटांचा कायदा झाला आणि 1951 मधे तोच भाग देशातलं पहिलं नॅशनल पार्क. म्हणजे आपण जे भाडं भरतो ते घराचं कमी, त्या वाटांचंच जास्त आहे असं माझं मत. वाटा काढून घ्या, मग त्या ठेंगण्या घरात आठवडाभर कोण बसते!

माझं माहेर काटोल तालुक्यातलं. आमच्या लहानपणी गावाबाहेरच्या पांदणीतून समोरासमोर दोन बैलबंड्या जायच्या, दोन्ही बाजूला बोरी, बाभळी, आम्ही शाळेतून बोरं खातच यायचो. आता दरवर्षी धुरा, म्हणजे वावराचा बांध, एक हात सरकतो, कोणी तारेचं कुंपण घातलं, कोणी संत्र्याची झाडंच लावली, आणि पावसाळ्यात माझ्या भावाला स्वतःच्या वावरात जायचं तर तीन जणांच्या हातापाया पडावं लागते. गावनकाशात पांदण तशीच रुंद आहे हो! तहसील ऑफिसात अर्ज द्या, मोजणीची तारीख येते, मग ती पुढे जाते. सरकारनं पाणंद रस्त्यांच्या योजना काढल्या, काही गावांत खडी पडलीही, नाही म्हणत नाही. पण आधी रस्ता मोकळा तर व्हावा, खडी टाकणार कुठं, संत्र्याच्या बुंध्याशी? शेजाऱ्याशी वाकडं नको म्हणून कोणी बोलत नाही, भाऊही नाही, म्हणून मी बोलून राहिले, मला काय, मी राहते नागपूरला.

तुमच्या पुरवणीला माझं एवढंच मागणं की इंग्लंडच्या घरांना एक पान दिलं तसं एक पान जिल्ह्यातल्या बुजलेल्या पांदणींना द्या. आमच्या गावच्या नकाशाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, तुमचा माणूस पाठवा, मी सोबत येऊन दाखवते. फक्त पावसाच्या आधी पाठवा, नंतर तिथं चिखलात पाय निघत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर