दुसऱ्यांदा आत जाताना

कोल्हापूर

प्रिय सखे,

काल फोनवर तू "मार्जिन पॉझिटिव्ह आलंय, परत आत जायचंय" म्हणालीस, हळूच एक प्रश्न विचारलास आणि गप्प झालीस. शेजारी भाऊजी होते, काकू ऐकत होत्या, आणि त्यांच्यासमोर तुला रडायचं नव्हतं हे मला आवाजावरून कळत होतं. म्हणून मीही जास्त बोलले नाही. पण रात्रभर तुझाच विचार चालला होता. या बाबतीत मी तुझ्या पुढे चाललेली आहे, तेव्हा जे मला माहीत आहे ते तुला मिळायलाच हवं. फोनवर हे धड बोलून होणार नाही. कागद असला की झोप लागली नाही तर उठून परत वाचता येतो.

आधी त्या रिपोर्टबद्दल. स्तनातून काढलेली गाठ लॅबमध्ये गेली की तिच्या बाहेरच्या अंगाला शाई लावतात. कुठली बाजू कुठली हे कळावं म्हणून बऱ्याचदा वेगवेगळ्या रंगांची. मग तिचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघतात. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या तर ती कड, म्हणजेच मार्जिन, पॉझिटिव्ह. याचा अर्थ, कापलं त्याच्या पलीकडे तुझ्या अंगात काही उरलेलं असू शकतं. असू शकतं, एवढंच. कित्येक जणींच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर उरलेला सापडतच नाही. आणि उरला असला तरी तो आधीपासूनच तिथे होता. आजार वाढला असं यातून अजिबात ठरत नाही. तू काल "म्हणजे पसरलं ना गं?" असं हळूच विचारलंस, त्याचं हे उत्तर.

सर्जनने हात आखडता घेतला असंही मनात आणू नकोस. दूधनलिकांच्या आतच राहिलेला जो प्रकार असतो, ज्याला डॉक्टर डीसीआयएस म्हणतात, तो बहुतेक वेळा हाताला लागत नाही आणि ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांना दिसत नाही. मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक ठिपके दिसतात, त्यावरून अंदाज बांधायचा. प्रत्यक्षात तो ठिपक्यांच्या पुढेही गेलेला असू शकतो. ऑपरेशन चालू असताना फ्रोझन करून घेतलं, म्हणजे तुकडा गोठवून लगेच तपासला, तरी प्रत्येक कड संपूर्ण तपासणं त्या वेळात शक्य नसतं. पक्का रिपोर्ट नंतरच येतो, आणि तोवर आपण घरी येऊन "सुटलो एकदाचे" म्हणत असतो.

इंग्लंडमध्ये स्तन वाचवून ऑपरेशन केलेल्या पंचावन्न हजारांवर बायकांची माहिती तपासून 2012 साली एक अभ्यास छापून आला. त्यात दर पाचांतल्या एकीला तीन महिन्यांच्या आत परत ऑपरेशन लागलं होतं. डीसीआयएस असलेल्या बायकांत तर दर दहांत जवळजवळ तिघींना. मला हा आकडा पहिल्या ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितला असता तर रिपोर्टच्या दिवशी माझ्या पायाखालची जमीन इतकी सरकली नसती. मी माझ्या सर्जनना नंतर हे बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "आधी सांगितलं की पेशंट घाबरतात." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. न सांगितल्याने भीती टळत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते, आणि नंतर येते तेव्हा "आपल्यालाच का" हे सोबत घेऊन येते.

त्याच अभ्यासात एकाहून जास्त वेळा परत जावं लागलेल्या बायका शंभरात दोनही नव्हत्या. मी अशांतली एक. दुसऱ्यांदा कड रुंद करून घेतली, तर वेगळ्याच बाजूची कड पॉझिटिव्ह आली आणि मग पूर्ण स्तन काढला. तुला हे तेव्हा त्रोटकच कळवलं होतं. माझ्याकडे बोलायला बळच उरलं नव्हतं. तुझं असंच होईल असं मुळीच नाही. पण मधल्या काळात काय काय होतं ते मला आतून ठाऊक आहे.

पहिल्या ऑपरेशनला मी कमरेला पदर खोचून गेले होते. घर भरलं होतं, वहिनी येऊन राहिली होती, शाळेतल्या बायकांनी आळीपाळीने डबे दिले, सासूबाईंनी अंबाबाईला ओटी बोलली होती. दुसऱ्या वेळी तसं काही नव्हतं. वाईट कुणीच नव्हतं गं, पण ज्याने त्याने आपापली रजा वापरून टाकली होती, काळजी करून झाली होती. फोन आले ते "परत? का बरं?" असे. एका नातेवाईक बाईंनी तर "तेव्हाच सगळं काढून टाकलं असतंस तर ही वेळ आली नसती" असं माझ्या तोंडावर सांगितलं. दुसऱ्या एकांनी "चाकू लागला की हे पसरतं" म्हणून कुठल्याशा वैद्याचा पत्ता दिला. चाकूने कॅन्सर पसरतो ही समजूत आपल्याकडे गावोगाव आहे, आणि तिच्यापायी किती बायका वेळेवर ऑपरेशनला जात नाहीत याचा विचार केला की मला अजून संताप येतो. तुला कुणी असं म्हटलं तर वाद घालू नकोस. फोन भाऊजींकडे दे. उत्तरं देत बसण्यात तुझी ताकद जायला नको.

आणि "सगळंच काढून टाकलं असतंस तर" याचंही खरं उत्तर तुझ्याजवळ असू दे. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी सत्तरच्या दशकात दोन मोठे अभ्यास सुरू केले. काही बायकांचा पूर्ण स्तन काढला, काहींची नुसती गाठ काढली आणि रेडिएशन दिलं. वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवून 2002 मध्ये निष्कर्ष छापले. जगण्याच्या बाबतीत दोन्हींत फरक नव्हता. तेव्हा पहिल्यांदा स्तन वाचवायचं ठरवलंस ते योग्यच होतं, आणि उद्या पुन्हा तेच ठरवलंस तरी योग्यच असेल, कड मोकळी मिळतेय तोवर.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा ही चिठ्ठी सोबत ने. कडेला नक्की काय आहे, गाठीचा कॅन्सर की डीसीआयएस? याने बराच फरक पडतो. पूर्वी किती मिलिमीटर मोकळी जागा हवी यावर सर्जन लोकांचं एकमत नव्हतं. 2014 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थांनी ठरवलं की गाठीच्या, म्हणजे पसरू शकणाऱ्या, कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या नसल्या की पुरे, आणि डीसीआयएससाठी पुढे 2016 मध्ये दोन मिलिमीटरचं अंतर ठरलं. तुझी कड खरंच टेकलेली आहे की नुसती जवळ आहे, हे विचार. कुठली बाजू? मागची, म्हणजे छातीच्या स्नायूकडची, किंवा पुढची, कातडीकडची असेल तर कधी कधी तिथे आणखी काढण्यासारखं काही उरलेलंच नसतं, मग परत जाण्यात अर्थ आहे का हे बोलावं लागतं. एकच कड आहे की अनेक? पुन्हा काढल्यावर आकार कितपत राहील? केमो ठरली असेल तर आधी कुठलं? मनाला पटलं नाही तर लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे, मागून घे. ते मागण्याचा तुला हक्क आहे. मी माझे परळला टाटाला नेऊन पुन्हा तपासून घेतले. 1941 पासून तिथे हेच काम चाललंय, आणि दुसऱ्या गावचे ब्लॉक घेऊन आलेली मी काही एकटी नव्हते. तिथेही तेच निदान आलं, पण त्यानंतर मला शांतपणे ठरवता आलं.

रिपोर्ट आल्यावर पहिले दोन-चार दिवस मात्र काहीच ठरवू नकोस. त्या दिवसांत माझं मन एकदा "काढा सगळं, नको ते अंगावर" म्हणायचं, आणि एकदा "आता मला हातच लावू नका" म्हणायचं. दोन्ही रागातून. थोडे दिवस थांबल्याने उपचाराचं काही बिघडत नाही. पहिली जखम भरण्यासाठी डॉक्टर तसंही थांबायला सांगतात.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मला जे झालं ते तुलाही होईल, तेव्हा सांगून ठेवते. पहिल्या वेळी आपल्याला काही माहीत नसतं. दुसऱ्या वेळी शरीराला सगळं आठवतं. त्या हिरव्या पडद्यांचा वास, पाठीखालचं थंडगार टेबल, सुई टोचायच्या आधी मनगटावर फिरणारा स्पिरिटचा कापूस. मी लिफ्टमध्येच थरथरायला लागले. भुलीच्या डॉक्टर तपासायला आल्या तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या: मागच्या वेळी मला शुद्धीवर आल्यावर खूप उलट्या झाल्या होत्या, आणि मला भीती वाटतेय. उलट्यांसाठी त्यांनी आधीच औषध दिलं, आणि भूल चढेपर्यंत माझा हात धरून ठेवला. सांगितलं म्हणून हे झालं. तूही सांग. शहाण्या पेशंटसारखं गप्प राहू नकोस. आपल्या दोघींनाही लहानपणापासून तीच सवय आहे.

काखेतली गाठ तुझी पहिल्याच वेळी तपासून झालीय, तेव्हा यावेळी बहुधा काखेला हात लावणार नाहीत. नुसती कड काढली तर सहसा दुखणं कमी असतं, मलाही कमी होतं. पण भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम करून जो हात वर जायला लागला होता तो परत खाली आला, आणि याचं मला वेदनेपेक्षा जास्त रडू आलं. तो हात पुन्हा वर गेला. थोडा थोडा करून, पण गेला. फिजिओथेरपिस्टला विचारून लवकर सुरू कर. पुढून बटणांचे गाऊन शिवून घे. छोटी मऊ उशी काखेत धरायला ठेव, गाडीत बेल्ट टोचत नाही. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, लावला तर रोज सकाळी पाणी मोजून वहीत लिहायचं, आकडा उतरत गेला की डॉक्टर काढतात. मेडिक्लेमला दुसऱ्या भरतीची मंजुरी नव्याने घ्यावी लागते, त्यासाठी पहिलं डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यांच्या प्रती भाऊजींनी आजच काढून ठेवाव्यात.

मुलाला खरं सांग. माझ्या लेकीने "मग पहिल्यांदा काय केलं?" असं विचारलं तेव्हा मी तिला शाईची गोष्ट सांगितली, चित्र काढून. ती दहावीत होती. तिने चित्र नीट पाहिलं आणि मग म्हणाली, "म्हणजे ते लोक नीट बघतायत." तिच्या त्या वाक्याने मला जितका धीर आला तितका कुणाच्याच बोलण्याने आला नव्हता.

स्तन काढावा लागला तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. पट्टी सोडली त्या दिवशी मी आरशाकडे पाठ करून कपडे घातले, आणि पुढेही बरेच दिवस तसंच. नसलेल्या जागी खाज सुटायची, तीही बोंडाला, आणि खाजवायला तिथे काही नसायचं. हे अनेकींना होतं, हे मला फिजिओथेरपिस्टने सांगितलं तेव्हा वेड लागलं नसल्याची खात्री पटली. काढलेल्या भागाच्या रिपोर्टमध्ये एका कोपऱ्यात काही मिलिमीटर डीसीआयएस सापडलाच. तो कागद हातात आला तेव्हा मी पहिल्यांदा मोकळेपणाने झोपले. नवीन स्तन करून घ्यायचा पर्याय होता, लगेच किंवा नंतर. मला आणखी एक ऑपरेशन नकोच होतं, म्हणून मी नाही म्हटलं. तुला हवासा वाटला तर जरूर करून घे. त्यात नटण्याचा मोह वगैरे काही नाही, कुणी तसं म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. ब्लाउजच्या आत घालायचा कृत्रिम स्तन मिळतो, त्यातला सिलिकॉनचा मी वापरून पाहिला, उन्हाळ्यात जड आणि घामट होतो. आता सुती धाग्याचा विणलेला घालते. हलका असतो, धुता येतो. काही बायका हे विणून गरजू बायकांना फुकट पाठवतात. माझा ज्या बाईने विणला तिला मी कधी पाहिलेलं नाही, पण रोज सकाळी ब्लाउज घालताना तिची आठवण होते.

आता सर्वांत महत्त्वाचं. तुला यावेळी पहिल्यापेक्षा जास्त थकवा येईल, जास्त चिडशील, देवावरही चिडशील. तेवढा हक्क तुला आहे. "आधीही निभावलंस, आताही निभावशील" असं लोक म्हणतील. एकदा निभावलं म्हणून ताकद शिल्लक असतेच असं नाही, उलट खर्चून झालेली असते. म्हणून यावेळी मदत मागून घ्यावी लागते, ठरवून, नाव घेऊन. मी वहिनीला सांगितलं होतं, "मला धीर देऊ नकोस, फक्त दुपारी दोन ते चार येऊन बसत जा." ती यायची, शेंगा सोलायची, टीव्ही बघायची. तेवढंच हवं होतं.

तुझ्याकडून मी मागण्याची वाट बघणार नाही. ऑपरेशनची तारीख ठरली की कळव, आदल्या दिवशी संध्याकाळी मी नाशिकला पोचते आणि ड्रेन लावला तर तो निघेपर्यंत राहते. शाळेत रजेचं बोलून झालंय, यांनीही स्वतःहून तिकीट काढू का विचारलं. काकूंना सांग माझ्यासाठी वेगळं काही करू नका, स्वयंपाकाचं मी बघते. रात्री तुझ्या खोलीत खाली गादी घालून झोपेन. रडायचं असेल तर तेव्हा रड, दार लावून घेऊ.

आणि रिपोर्टच्या ज्या पानावर कडांचं लिहिलंय त्याचा फोटो आजच पाठव. आपण दोघी मिळून प्रश्न काढू.

तुझीच