आई, मी शाळेत नेमकं काय करते

प्रिय आई,

रविवारी तू परत विचारलंस की अगं शिकवत नाहीस तर दिवसभर शाळेत करतेस तरी काय, आणि मी नंतर सांगते म्हणून फोन ठेवला, कारण तेव्हा एका पोराचा एसे, म्हणजे कॉलेजच्या अर्जातला निबंध, समोर उघडा होता. आज जरा निवांत आहे तर लिहिते. बाबांनाही वाचून दाखव, त्यांना अजून वाटतं मी तिथे क्लार्क आहे. मी काउन्सेलर आहे, पोरांना कॉलेजचे अर्ज करायला मदत करते.

इथे अमेरिकेत बारावीच्या पोरांना सीनियर म्हणतात. आपल्यासारखं निकाल लागला, कॅप राउंडची यादी लागली, संपलं, असं नाही. बारावी सुरू होते न होते तोच अर्ज चालू. कॉमन अ‍ॅप म्हणून ऑनलाइन फॉर्म आहे, १ ऑगस्टला उघडतो, त्यावरून वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो. मार्क बघतातच, शिवाय ६५० शब्दांत स्वतःबद्दल एसे, शिक्षकांची पत्रं आणि शाळेतर्फे माझं पत्र. एसएटी या प्रवेश परीक्षेचं तर विचारूच नकोस, २०२० मध्ये कोविडमुळे कितीतरी कॉलेजांनी ती ऐच्छिक केली, एमआयटीने २०२२ मध्ये परत सक्तीची केली, यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कॉलेजं, प्रवेश देताना स्कोअर बघतच नाहीत, म्हणजे प्रत्येक पोराचं गणित वेगळं.

गेल्या आठवड्यात एक मुलगा आला, नाव नाही सांगत. फॉर्ममध्ये अ‍ॅक्टिव्हिटीचे दहा रकाने असतात, प्रत्येकात वर्णनाला १५० अक्षरं, शब्द नाही हां, अक्षरं. याने एकच भरलेला, नववीत सहा महिने चेस क्लब. म्हटलं शाळा सुटल्यावर काय करतोस? काही नाही मिस, घरी असतो. घरी म्हणजे? तर धाकट्या बहिणीला शाळेतून आणतो, जेवायला घालतो, तिचा होमवर्क घेतो कारण आई रात्रपाळीला, आणि शनिवार-रविवार लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालतो. वर मलाच विचारतो, ही काय अ‍ॅक्टिव्हिटी आहे का? अगं त्या यादीत घरच्या जबाबदाऱ्या असा चक्क वेगळा प्रकार आहे, पगारी कामाचाही आहे. मी उघडून दाखवलं तर बराच वेळ नुसता स्क्रीनकडे बघत राहिला. मग दोघांनी बसून ती बहीण १५० अक्षरांत बसवली, अर्धा तास गेला, शेवटी एक स्वल्पविराम उडवला तेव्हा कुठे बसली.

आणि दुसरीकडे अशी घरं की पैसे देऊन कन्सल्टंट लावतात. तो एसे दोन ओळी वाचला की कळतो, सतरा वर्षांचं पोर असं बोलतच नाही. मी स्वतः एक वाक्य लिहून देत नाही, नुसते प्रश्न विचारते, पोरं वैतागतात.

सध्या घाई अर्ली डिसिजनची, म्हणजे एकाच आवडत्या कॉलेजला आधी करायच्या अर्जाची. बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर शेवटची तारीख, डिसेंबरच्या मध्याला उत्तर, आणि घेतलं तर जायचंच, बाकीचे अर्ज मागे. त्या करारावर मुलगा, पालक आणि मी, तिघांची सही लागते. म्हणून सहीआधी मी विचारतेच की कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर बघितला का, कारण छापलेली फी वेगळी आणि घरच्या कमाईप्रमाणे प्रत्यक्षात भरावा लागणारा आकडा वेगळा. सरकारी मदतीचा फॅफ्सा फॉर्म आणखी निराळा. २०२३ मध्ये तो १ ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला आणि पुढे सगळंच लांबलं, मदत किती मिळणार हे माहीत नसताना कॉलेज निवडायचं कसं सांग.

चुका माझ्याही होतात. मागच्या वर्षी एका मुलीचे पहिल्या सहामाहीचे मार्क पाठवायचेच राहिले, कॉलेजचा मेल आला तेव्हा पोटात गोळा आला. निभावलं, पण तेव्हापासून फ्रिजवर तारखांचा कागद चिकटवलाय.

तर १ नोव्हेंबर होईपर्यंत रात्री फोन नको करूस, मीच करेन. त्या मुलाचा आत्ताच मेसेज आलाय, एसेत बहिणीचं नाव घालू का म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली घाल, पण स्पेलिंग मला दाखवून घाल.

तुझी,
मनू