टक्केवारीत न दिसणारे मधुमेही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विकसनशील देशांत किती टक्के प्रौढांना मधुमेह आहे, याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचताना मला आमच्या दादाची चप्पल आठवते. चार वर्षांपूर्वी तो एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी असा घरी आला. चप्पल वाटेत निसटल्याचे त्याला कळलेच नव्हते. तळव्यात काच रुतली होती, फरशीवर ठसे उमटत होते आणि तो विचारत होता, "हे रक्त कुणाचं?"

मलमपट्टीच्या वेळी साखर तपासली, ३४० निघाली. वय ४४, अंगाने काटकुळा. मधुमेहाची शंका घरात कुणालाच आली नव्हती. पाय असे बधिर व्हायला सहसा साखर वर्षानुवर्षे वाढलेली असावी लागते. त्या वर्षांत तो ताप, पाठदुखी घेऊन कितीदा तरी दवाखान्यात गेला होता. एकदाही कुणी बोटाला सुई टोचली नाही, याचा मला आजही संताप येतो.

'तुम्हाला मधुमेह आहे का?' एवढेच कुणी विचारत आले असते, तर दादाची नोंद निरोगी म्हणून झाली असती.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या जागतिक अभ्यासाने २०२२ मधील मधुमेही प्रौढांची संख्या सुमारे ८२.८ कोटी दिली. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा २०२४ चा आकडा ५८.९ कोटी आहे. वयोगट आणि पद्धत दोन्हींत फरक आहे, पण मोठे कारण तपासणीचे. पहिल्या अभ्यासाने उपाशीपोटीच्या साखरेसोबत तीन महिन्यांची सरासरी साखरही धरली. काहींची सकाळची उपाशीपोटीची साखर मधुमेह ठरवणाऱ्या १२६ च्या मर्यादेच्या आत असते, तीन महिन्यांची सरासरी मात्र तिच्या ६.५ टक्क्यांच्या मर्यादेच्या वर. नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत ही माणसे सुटतात. गरीब देशांत तीही तपासणी सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. महासंघाच्याच अंदाजाने दहापैकी चारांहून अधिक मधुमेहींना आपला आजार ठाऊक नाही, आणि दहापैकी आठ मधुमेही कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. ३० वर्षांवरील ४४.५ कोटी मधुमेही औषधाविना आहेत, हे लॅन्सेटमधल्या त्याच अभ्यासातले.

म्हणून एक विनंती. एखाद्या देशाची टक्केवारी छापताना तपासणी कोणती केली, मधुमेहींपैकी कितींना आजार आधीपासून माहीत होता आणि कितींना औषध मिळते, हेही शेजारी द्यावे. १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाच्या अंकापासून सुरुवात करता येईल.

आपली,
एक नियमित वाचक